घटक ७ : ‘टॅक्सी स्क्वॉड’ – राखीव खेळाडूंच्या एका संज्ञेचा अर्थ आणि उगम

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• ‘टॅक्सी स्क्वॉड’ या क्रीडासंज्ञेचा अर्थ व उगम सांगता येईल.
• शब्दाचा उगम आणि शब्दाचा अर्थ यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• लक्षणा ही शब्दशक्ती आधुनिक व्यवहारातील संज्ञांना लावून पाहता येईल.
• ‘राखीव’, ‘बदली’ आणि ‘बारावा गडी’ या मराठी शब्दांतील अर्थच्छटा वेगळ्या करता येतील.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्थविस्तार, अर्थसंकोच आणि अर्थांतर हे अर्थपरिवर्तनाचे प्रमुख प्रकार तुम्हांला परिचित आहेत. त्यांची उदाहरणे आपण बहुधा जुन्या ग्रंथांतून निवडतो. त्यामुळे शब्दांचे अर्थ पूर्वी बदलत असत आणि आता ते स्थिर झाले आहेत, असा समज नकळत होतो. या घटकात मुद्दाम एक अर्वाचीन आणि परकीय उदाहरण घेतले आहे. ते अमेरिकेतील क्रीडाक्षेत्रातले आहे, त्याचे वय शंभर वर्षेही नाही आणि त्याचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याचा जन्म आणि पुढचा प्रवास दोन्ही पाहता येतात, असे शब्द भाषाभ्यासकाला क्वचितच लाभतात.

या उदाहरणाच्या निवडीमागे आणखी एक कारण आहे. ही संज्ञा माणसांच्या एका विशिष्ट स्थितीचे नाव आहे. संघात आहे आणि नाहीही, अशी ही स्थिती होय. अशा स्थितीतील माणसांना भाषा कोणती नावे देते, हा प्रश्न क्रीडांगणापुरता मर्यादित नाही.

७.२ संज्ञेचा अर्थ

‘टॅक्सी स्क्वॉड’ म्हणजे संघाने आपल्याकडे राखून ठेवलेले, संघाबरोबर सराव करणारे, परंतु सामन्यासाठी पात्र असलेल्या अधिकृत यादीत नाव नसलेले खेळाडू. येथे दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नका. सामन्याच्या वेळी बाकावर बसलेला खेळाडू अधिकृत यादीत असतो. प्रशिक्षकाने खूण केली की तो मैदानात उतरू शकतो. टॅक्सी स्क्वॉडमधील खेळाडू बाकावरही नसतो. तो रोज घाम गाळतो, संघाचे सर्व डावपेच त्याला पाठ असतात. मात्र यादीत जागा रिकामी होऊन तेथे त्याचे नाव लिहिले जाईपर्यंत तो सामना खेळू शकत नाही.

म्हणजे ‘खेळणारा’ आणि ‘न खेळणारा’ या दोहोंत निदान दोन पायऱ्या आहेत : बाकावरचा आणि यादीबाहेरचा. पहिल्या पायरीसाठी बहुतेक भाषांत शब्द असतो. दुसऱ्या पायरीसाठी शब्द तेव्हाच लागतो, जेव्हा ती पायरी प्रत्यक्षात निर्माण होते. ती कशी निर्माण झाली, ते आता पाहू.

७.३ उगम : क्लीव्हलँड, १९४६

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने जो खेळ ओळखला जातो, तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून वेगळा आहे. त्यात अंडाकृती चेंडू हाताने फेकला जातो, धडका जबर असतात आणि दुखापती नित्याच्या असतात. साहजिकच प्रत्येक संघाला जास्तीचे खेळाडू हवे असतात. परंतु श्रीमंत संघांनी सर्वच चांगले खेळाडू अडवून ठेवू नयेत, म्हणून संघटना खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालतात.

ओहायो राज्यातील क्लीव्हलँड या शहरात आर्थर मॅक्‌ब्राइड नावाचे उद्योजक होते. लोक त्यांना ‘मिकी’ म्हणत. शहरातील टॅक्सीचा व्यवसाय त्यांच्या मालकीचा होता. ‘क्लीव्हलँड ब्राउन्स’ हा नवा व्यावसायिक फुटबॉल संघ त्यांनी उभा केला. पॉल ब्राउन हे त्याचे पहिले प्रशिक्षक. संघाला नाव मिळाले तेही त्यांचेच. १९४६ साली हा संघ ‘ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स’ या स्पर्धेत उतरला आणि १९४६ ते १९४९ या चारही वर्षी त्याने तेथे विजेतेपद मिळविले.

संख्येच्या मर्यादेमुळे या संघापुढे एक पेच होता. काही गुणी खेळाडूंना यादीत जागा नव्हती. त्यांना सोडून द्यावे, तर दुसरा संघ त्यांना उचलणार. ठेवावे, तर नियम आडवा येणार. मॅक्‌ब्राइड यांनी वाट काढली. या खेळाडूंची नावे त्यांनी आपल्या टॅक्सी कंपनीच्या वेतनपटावर घातली. गाडी चालविणे हे त्यांचे काम नव्हते. कागदोपत्री ते टॅक्सी कंपनीचे नोकर होते आणि प्रत्यक्षात संघाचे राखीव खेळाडू. या मंडळींना ‘टॅक्सी स्क्वॉड’, म्हणजे टॅक्सीवाल्यांची तुकडी, असे नाव पडले.

या नावातील मिस्कीलपणा लक्षात घ्या. नियमाने ज्यांना ‘खेळाडू’ म्हणू दिले नाही, त्यांना लोकांनी त्यांच्या खोट्या हुद्द्याने हाक मारली. वेतनपटावरील लटकी नोंद खेळाच्या परिभाषेतील खरी संज्ञा झाली.

७.४ ‘टॅक्सी’ आणि ‘स्क्वॉड’ : आतील थर

या जोडशब्दाचे दोन्ही घटकही मूळच्या अर्थापासून दूर आलेले आहेत. ‘टॅक्सी’ हे ‘टॅक्सीमीटर’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. भाडे मोजणारे यंत्र म्हणजे टॅक्सीमीटर. त्यातील ‘टॅक्सा’ या मध्ययुगीन लॅटिन शब्दाचा अर्थ आकार किंवा कर. यंत्राचे नाव आधी ते यंत्र बसविलेल्या गाडीला मिळाले आणि मग तेच नाव अर्धे कापून रूढ झाले. ‘स्क्वॉड’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी ‘चौकोन’ हा अर्थ आहे, कारण सैनिक चौकोनी रचनेत उभे राहत. हा चौकोन ज्या लॅटिन संख्यावाचकाशी निगडित आहे, तो आणि संस्कृतातील ‘चतुर्’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत. आपला ‘चार’ त्याच ‘चतुर्’पासून आला आहे.

आता जरा थांबून हिशेब करा. टॅक्सी स्क्वॉडमधील खेळाडूजवळ भाडे मोजण्याचे यंत्र नाही, तो चौकोनात उभा नाही आणि तो टॅक्सीही चालवीत नाही. शब्दातील एकही घटक वाच्यार्थाने खरा नाही. तरीही ऐकणाऱ्याला अर्थ बिनचूक कळतो. हे कसे घडते?

७.५ लक्षणेच्या कसोटीवर

अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : (१) मुख्यार्थाचा बाध, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ त्या ठिकाणी न जुळणे, (२) मुख्यार्थाशी नव्या अर्थाचा काही संबंध असणे, आणि (३) रूढी किंवा प्रयोजन. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे’ हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही. म्हणून ‘गंगा’ या शब्दाने तीर सूचित होतो आणि तीरावरील शीतलता व पावित्र्य सुचविणे हे तेथील प्रयोजन असते.

हीच कसोटी आपल्या संज्ञेला लावू. क्लीव्हलँडमधील एखादा रसिक त्या खेळाडूंना टॅक्सीवाले म्हणत असे, तेव्हा मुख्यार्थाचा बाध उघड होता. संबंध होता तो वेतनपटाचा. पाश्चात्त्य अर्थविज्ञानात अशा सान्निध्यावर आधारलेल्या अर्थांतरणाला ‘मेटोनिमी’ म्हणतात. येथे सादृश्य नाही, हे विशेष ध्यानात ठेवा. खेळाडू टॅक्सीसारखा आहे म्हणून हे नाव पडलेले नाही. टॅक्सीच्या धंद्यातून त्याचा पगार निघत होता म्हणून पडले. तिसरी गोष्ट प्रयोजन. नियमातील पळवाट सर्वांना ठाऊक आहे, हे हसत हसत सुचविणे हे ते प्रयोजन होय.

म्हणजे आरंभी ही प्रयोजनवती लक्षणा होती. पुढे संदर्भ विरला आणि केवळ रूढी उरली.

७.६ उगम म्हणजे अर्थ नव्हे

येथे आपण या घटकातील मध्यवर्ती मुद्द्याशी येतो. रूढीच्या लक्षणेचे उदाहरण म्हणून मम्मटांनी ‘कुशल’ हा शब्द दिला आहे. ‘कुश’ नावाचे धारदार गवत हात न कापता आणणारा तो कुशल. त्यावरून ‘निपुण’ हा अर्थ आला, असे हे विवेचन आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथ यांनी ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात यावर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, शब्द कसा बनला याचे कारण वेगळे आणि शब्द कोणत्या अर्थी वापरला जातो याचे कारण वेगळे. पहिले व्युत्पत्तिनिमित्त, दुसरे प्रवृत्तिनिमित्त. ‘निपुण’ हाच ‘कुशल’ शब्दाचा मुख्यार्थ आहे. तेथे लक्षणा मानण्याचे कारण नाही. अन्यथा ‘गाय झोपली आहे’ या साध्या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल; कारण ‘गो’ हा शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून साधला जातो आणि झोपलेली गाय तर चालत नसते!

विश्वनाथांचा हा युक्तिवाद ‘टॅक्सी स्क्वॉड’ या संज्ञेला तंतोतंत लागू पडतो. मॅक्‌ब्राइड यांची टॅक्सी कंपनी हे तिचे व्युत्पत्तिनिमित्त आहे. ‘यादीबाहेर पण संघाच्या हाताशी असणे’ हे तिचे प्रवृत्तिनिमित्त आहे. आज ही संज्ञा वापरणाऱ्याला मॅक्‌ब्राइड यांचे नाव ठाऊक नसले, तरी त्याच्या वापरात काहीही उणे राहत नाही.

तात्पर्य, ‘या शब्दाचा खरा अर्थ त्याच्या मुळात आहे’ असे जे आपण अनेकदा ऐकतो, ते शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या आजच्या वापरात असतो. उगम आपल्याला तो वापर सुरू कसा झाला, एवढेच सांगतो. मात्र हे ‘एवढेच’ क्षुल्लक नाही, हे पुढे दिसेल.

उगम विस्मरणात गेला की रिकाम्या जागी कल्पना शिरते. टॅक्सी तळावर उभी असते आणि हाक येताच निघते. राखीव खेळाडूही तसाच, म्हणून हे नाव पडले असावे, असे कोणी म्हणाल्यास ते किती पटण्याजोगे वाटते! परंतु ही लोकव्युत्पत्ती होय. ती सादृश्यावर उभी आहे आणि इतिहास सान्निध्याचा आहे. कोणतीही व्युत्पत्ती स्वीकारताना तीन प्रश्न विचारावेत : शब्द कोठे व केव्हा वापरात आला? त्या वेळी तेथे कोणती वस्तुस्थिती होती? आणि दोहोंना जोडणारा दुवा कोणता? केवळ चपखल वाटणे हा पुरावा नव्हे.

७.७ अर्थविस्तार : २०२० नंतर

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये पुढे अशा खेळाडूंना नियमांत स्थान मिळाले आणि ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’, म्हणजे सराव-तुकडी, हे औपचारिक नाव रूढ झाले. आज तेथे संघाची मुख्य यादी ५३ खेळाडूंची असते आणि सराव-तुकडी तिच्याहून वेगळी मोजली जाते. जी पळवाट होती, तिची अधिकृत वाट झाली. अशा वेळी जुने मिस्कील नाव मागे पडणे स्वाभाविक होते.

परंतु शब्द मेला नाही. २०२० साली कोविडच्या साथीत अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल स्पर्धा संघामागे ६० सामन्यांची करण्यात आली. ऐनवेळी कोणी आजारी पडल्यास बाहेरून खेळाडू आणणे अवघड होते. म्हणून परगावच्या दौऱ्यात तीनपर्यंत जादा खेळाडू बरोबर नेण्याची मुभा संघांना मिळाली. त्यांना नाव दिले गेले ‘टॅक्सी स्क्वॉड’. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीनेही २०२०-२१ च्या हंगामात चार ते सहा खेळाडूंची अशी तुकडी नियमात आणली.

येथे दोन बदल झाले. एक, संज्ञा एका खेळातून इतर खेळांत गेली, हा अर्थविस्तार. दोन, नियम चुकविण्यासाठी जन्मलेले नाव स्वतः नियमपुस्तिकेत जाऊन बसले, हा दर्जाबदल.

७.८ मराठीतील शब्द : राखीव, बदली, बारावा गडी

आता आपल्या भाषेकडे वळू. ‘राखणे’ या धातूपासून ‘राखीव’ हे विशेषण होते. कोरीव, रेखीव, आखीव हे त्याच घडणीचे शब्द. ‘राखीव’ म्हणजे वापरून न टाकता राखून ठेवलेले. राखीव कुरण, राखीव जंगल, राज्य राखीव पोलीस दल, राखीव जागा असे त्याचे अनेक प्रयोग आहेत. यातील एक भेद पाहा. ‘राखीव जागा’ या प्रयोगात जागा माणसासाठी राखलेली असते. ‘राखीव खेळाडू’ या प्रयोगात माणूस जागेसाठी राखलेला असतो. विशेषण तेच, पण माणसाचे स्थान उलटे.

‘बदली’ हा शब्द अरबीतील ‘बदल’ या शब्दापासून आपल्याकडे आला. राखीव आणि बदली हे समानार्थी नाहीत. राखीव ही स्थिती आहे, बदली ही कृती आहे. जागतिक फुटबॉल स्पर्धेत १९६६ पर्यंत सामना सुरू असताना खेळाडू बदलता येत नसे; ती मुभा १९७० च्या मेक्सिकोतील स्पर्धेपासून मिळाली. म्हणजे १९६६ मध्ये संघांकडे राखीव खेळाडू होते, पण सामन्यात बदली खेळाडू नव्हते. कबड्डीच्या बारा जणांच्या संघात मैदानावर सात खेळतात आणि खो-खोच्या बारा जणांत नऊ. उरलेले राखीव असतात आणि मैदानात पाऊल टाकताच ते बदली होतात.

क्रिकेटमध्ये हा भेद आणखी सूक्ष्म आहे. ‘बारावा गडी’ मैदानात येऊन क्षेत्ररक्षण करतो. फलंदाजी किंवा गोलंदाजी त्याला करता येत नाही. मात्र २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण अधिकाराचा खेळाडू घेता येतो. त्याच वर्षी लॉर्ड्‌सवर स्टीव्ह स्मिथ यांच्या जागी आलेले मार्नस लाबुशेन हे कसोटी क्रिकेटमधील असे पहिले खेळाडू. त्यांनी ५९ धावा केल्या. मराठी वृत्तपत्रे या दोघांनाही ‘बदली’ म्हणतात. नियम मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक करतात. परिभाषा घडविताना अशी संदिग्धता टाळणे हे तुमच्यासारख्या भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे.

‘बारावा गडी’ या शब्दातील ‘गडी’ विशेष लक्षणीय आहे. मराठीत गडी म्हणजे खेळाडू आणि गडी म्हणजे घरचा किंवा शेतावरचा नोकरही. अकरा जणांपैकी कोणालाही ‘गडी’ म्हटले, तर पहिला अर्थ मनात येतो. पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणाऱ्या बाराव्याला तोच शब्द लावला की दुसरा अर्थही हळूच डोकावतो. येथे व्यंजना काम करते.

७.९ शब्दामागील माणूस

‘बदली’ या शब्दाला मराठीत क्रीडेबाहेरचाही इतिहास आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत ‘बदली कामगार’ असत. कायम कामगार गैरहजर राहिल्यास त्याच्या मागावर बदलीला उभे केले जाई. तो सकाळी पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात येऊन थांबे. काम मिळाले तर त्या दिवसाची मजुरी, न मिळाल्यास परतीची वाट. काम त्याला येत होते, गिरणीला त्याची गरजही होती. नाव मात्र कायमच्या पटावर नव्हते.

क्लीव्हलँडचा राखीव खेळाडू आणि मुंबईचा बदली कामगार यांची परिस्थिती सारखी नव्हती. पहिल्याला नियमित वेतन होते. दुसऱ्याला उद्याची खात्री नव्हती. तरीही दोघांच्या नावांत एक साम्य आहे. दोन्ही नावे माणसाच्या कौशल्याबद्दल काहीच सांगत नाहीत. तो काय करू शकतो हे त्यांतून कळत नाही; तो पटावर कोठे आहे, एवढेच कळते.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. कंत्राटी, हंगामी, रोजंदारी, तासिका तत्त्वावर, प्रतीक्षा यादीवर हे शब्द तुम्हांला कोशातून शिकावे लागत नाहीत. ते सर्व याच जातीचे शब्द आहेत. शब्दाचा उगम शोधण्याचे महत्त्व येथे कळते. उगमाने अर्थ ठरत नाही; पण कोणाच्या सोयीसाठी, कोणत्या नियमामुळे आणि कोणाला वगळून ते नाव पडले, हे उगमातून दिसते. ‘टॅक्सी स्क्वॉड’ हा शब्द आज निर्विकार वाटतो. त्याच्या तळाशी मात्र खेळायला आलेली आणि दुसऱ्याच धंद्याच्या पटावर नाव लागलेली काही तरुण मुले आहेत.

७.१० सारांश

‘टॅक्सी स्क्वॉड’ म्हणजे अधिकृत यादीबाहेर राखलेले खेळाडू. आर्थर मॅक्‌ब्राइड यांनी अशा खेळाडूंना आपल्या टॅक्सी कंपनीच्या वेतनपटावर ठेवल्यामुळे हे नाव पडले. आरंभी ही सान्निध्यावर आधारलेली प्रयोजनवती लक्षणा होती. पुढे ती रूढ संज्ञा झाली व इतर खेळांत पसरली. विश्वनाथांनी सांगितल्याप्रमाणे व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे असते. मराठीत ‘राखीव’ ही स्थिती, ‘बदली’ ही कृती आणि ‘बारावा गडी’ ही मर्यादित अधिकाराची भूमिका होय.

७.११ स्वाध्याय

१. मम्मटांनी सांगितलेल्या लक्षणेच्या तीन अटी ‘टॅक्सी स्क्वॉड’ या संज्ञेला लावून दाखवा.
२. ‘शब्दाचा खरा अर्थ त्याच्या मुळात असतो’ या विधानाचे विश्वनाथांच्या मताच्या आधारे परीक्षण करा.
३. ‘राखीव’ आणि ‘बदली’ यांतील भेद कोणत्याही एका खेळाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. उपक्रम : तुमच्या कामाच्या ठिकाणी तात्पुरत्या किंवा पर्यायी माणसासाठी वापरले जाणारे पाच शब्द नोंदवा. प्रत्येक शब्द कोण वापरतो, त्या माणसासमोर वापरतो की माघारी, आणि तो शब्द कौशल्य सांगतो की पटावरील स्थान, हे लिहा.